ईगल ब्रिजच्या वाटेवर

दिवस पहिला, शुक्रवार

गेल्या दिवाळीत आईने तिचा भरतकामाचा डबा माझ्या मावसबहिणीला देऊन टाकला. काश्मिरी टाका, कच्छी टाका, उशांचे अभ्रे, आम्हा भावंडांची झबली-टोपडी, सगळं त्या एका डब्यातून निघालेलं. उजव्या अंगठ्याच्या सांध्यात संधिवात बसला आणि सुई धरवेना. सप्टेंबरात ती माझ्याकडे न्यू जर्सीला आली, तेव्हा एका रात्री जेवणं झाल्यावर मी तिला ग्रँडमा मोझेसची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्क राज्यातली एक शेतकरीण. लोकरीने चित्रं भरायची. संधिवाताने सुई सुटली तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे तिने ब्रश हातात घेतला. कुणाकडे शिकली नाही, आणि जगभर तिचं नाव झालं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुई धरवत नव्हती तर ब्रश कसा धरवला?"

याचं उत्तर मला देता येईना. "कुठे राहायची ती?" आईने विचारलं. "ईगल ब्रिजला, इथून चार तासांवर," मी म्हटलं. आमचा प्रवास तिथेच ठरला.

ऑक्टोबरच्या मध्यावर निघालो. टॅकोनिक पार्कवेवर दोन्ही बाजूंना मेपल पेटल्यासारखे लाल, मधे पिवळे बर्च, मधेच काळपट हिरवी सूचिपर्णी झाडं. आई खिडकीला चिकटून बसली होती. पुढे २२ नंबरचा रस्ता लागला तशी गावं लहान झाली. भोपळ्यांचे ढीग, लाल कोठारं, काळ्या-पांढऱ्या गाई. दुपारी अडीचच्या सुमारास हूसिक फॉल्सला पोचलो.

हूसिक नदीकाठचं हे कारखान्याचं गाव. गवत कापणारी आणि पीक कापणारी वॉल्टर वूड कंपनीची यंत्रं एके काळी इथून देशोदेशी जायची. आता मुख्य रस्त्यावर जुन्या विटांच्या इमारती आहेत आणि रहदारी थोडी. याच गावात थॉमस यांचं औषधांचं दुकान होतं. गावातल्या बायांनी केलेल्या वस्तू विकायला म्हणून त्या दुकानाच्या खिडकीत मांडलेल्या असत, त्यांत शेतावरच्या मिसेस मोझेस यांची काही चित्रं होती. किंमत आकाराप्रमाणे, ३ ते ५ डॉलर. ती बराच काळ तिथे धूळ खात पडली होती.

१९३८ च्या ईस्टरच्या सुट्टीत न्यूयॉर्क शहरातला लुई कॅल्डॉर नावाचा इंजिनियर या भागात आला होता. जुन्या वस्तू आणि लोककलेचे नमुने जमवायची त्याला हौस. त्याने खिडकीतली चित्रं पाहिली आणि सगळीच्या सगळी विकत घेतली. आणखी कुठे मिळतील असं विचारून तो थेट तिच्या घरी गेला. त्या दिवशी ती घरी नव्हती. सुनेने पाहुण्याला सांगून टाकलं की उद्या या, दहा चित्रं तयार असतील. रात्री घरी आल्यावर तिने शोधाशोध केली तर चित्रं भरली नऊच. तेव्हा तिने एक मोठं चित्र करवतीने मधोमध कापलं, दोन तुकडे दोन चौकटींत बसवले आणि दहा पुरी केली.

त्या रस्त्यावरून चालताना मी हे आईला सांगितलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. "सुनेने शब्द दिला होता ना," एवढंच म्हणाली. मला मात्र अशा जागी नेहमी कॅल्डॉर आठवतो. पुढे वर्षभराहून अधिक काळ तो ती चित्रं घेऊन न्यूयॉर्कच्या गॅलऱ्यांचे उंबरे झिजवत राहिला. चित्रं कुणाला आवडलीच तर बाईंचं वय ऐकून लोक मागे सरत. ऐंशीच्या घरातल्या चित्रकर्तीवर पैसे कोण लावणार? ती त्यानंतर दोन तपांच्या जवळपास जगली आणि चितारत राहिली.

दिवस दुसरा, शनिवार

हूसिक फॉल्सहून राज्याची हद्द ओलांडली की अर्ध्या तासाच्या आत व्हरमाँटमधलं बेनिंग्टन येतं. गाव दिसण्याआधी त्याचा मनोरा दिसतो. ३०६ फूट उंचीचा दगडी स्तंभ, १७७७ साली १६ ऑगस्टला झालेल्या लढाईची आठवण म्हणून बांधलेला. हा मनोरा तिच्या गोष्टीतही येतो, त्याकडे नंतर येते.

बेनिंग्टनच्या संग्रहालयात तिच्या चित्रांचा सर्वांत मोठा सार्वजनिक संग्रह आहे. आम्ही उघडायच्या वेळेलाच पोचलो. चित्रांआधी पाहिली ती शाळा. ईगल ब्रिजची एका खोलीची शाळा, जिथे ती लहानपणी जात असे, ती इमारत १९७० च्या दशकात उचलून इथे आणून संग्रहालयाला जोडली आहे. खोली लहानच आहे. वर्षातले मोजके महिने शाळा भरायची, आणि थंडीत पुरेसे गरम कपडे नसल्यामुळे मुलींचं जाणं फारसं व्हायचं नाही.

तिचं माहेरचं नाव अ‍ॅना मेरी रॉबर्टसन. जन्म ७ सप्टेंबर १८६०, जवळच्याच ग्रीनिच गावी. दहा भावंडांत तिसरी. वडील शेती करायचे, अळशीच्या धाग्याची गिरणी चालवायचे. ते मुलांसाठी एका सेंटला एक ताव या भावाने वर्तमानपत्राचा कोरा कागद आणायचे. खाऊच्या गोळीपेक्षा कागद जास्त वेळ टिकतो हा त्यांचा हिशेब. त्यावर ही द्राक्षांचा आणि बोरांचा रस रंग म्हणून वापरायची. 'लँडस्केप' हा शब्द नीट येत नसे, म्हणून ती आपल्या चित्रांना 'लॅम्बस्केप' म्हणायची. बाराव्या वर्षी दुसऱ्यांच्या घरी कामाला लागली आणि पुढची पंधरा वर्षं तेच केलं: स्वयंपाक, धुणी, म्हाताऱ्या माणसांची सेवा. १८८७ साली अशाच एका शेतावर काम करणाऱ्या थॉमस मोझेसशी लग्न झालं. दोघं नॉर्थ कॅरोलायनाला कामासाठी निघाली होती, वाटेत व्हर्जिनियात स्टॉन्टनजवळ थांबली आणि तिथेच राहिली, अठरा वर्षं. ती लोणी काढून विकायची, पुढे बटाट्याचे वेफर्स तळून विकायला लागली. दहा मुलं झाली. पाच तान्ही असतानाच गेली.

आई या वाक्यापाशी थांबली. "पाच?" मी मान हलवली. आमच्या पणजीची सात गेली होती, ते मोजून सांगायची आईला सवय आहे.

१९०५ मध्ये कुटुंब परत ईगल ब्रिजला आलं. १९१८ साली दिवाणखान्याच्या भिंतींना कागद लावताना शेकोटीच्या तोंडावरच्या फळीपुरता कागद कमी पडला. तिने फळीला साधा कागद चिकटवला आणि त्यावर तळ्याचं आणि झाडांचं दृश्य रंगवून टाकलं. तिचं पहिलं मोठं चित्र असं, कागद कमी पडला म्हणून झालेलं. १९२७ मध्ये थॉमस वारले. १९३२ साली ती क्षयाने आजारी असलेल्या मुलीची शुश्रूषा करायला इथेच, बेनिंग्टनला आली. लोकरीने भरलेलं एक चित्र कुणाकडे तरी पाहून मुलीने असंच एखादं आपल्यालाही कर म्हटलं, आणि ती भरायला लागली. बोटं दुखायला लागली तेव्हा बहीण सेलेस्टिया म्हणाली, रंगव की, ते सोपं जाईल.

चित्रांच्या दालनात आई माझ्यापुढे गेली. मी नेहमीप्रमाणे पाट्या वाचत होते. वळून पाहिलं तर ती एका हिवाळ्याच्या चित्रासमोर नाक काचेला लागेल इतकी जवळ उभी. "इकडे ये," म्हणाली. "हे टाके आहेत."

आणि खरंच होते. दूरून ज्या टेकडीवर हिरवा रंग दिसत होता, तिथे जवळून पाहिलं तर हिरवा, पिवळट, निळसर, मधेच किंचित गुलाबी, असे लहान लहान फटकारे शेजारी शेजारी ठेवलेले. एकात एक मिसळलेले नाहीत. झाडांची पानं म्हणजे गाठीचा टाका, एकेक ठिपका दाबून बसवलेला. आई सांगत होती: लोकर रंगासारखी कालवता येत नाही. हवी ती छटा मिळत नसली तर दोन-तीन रंगांचे धागे जवळ जवळ भरायचे, लांबून डोळ्याला ती छटा दिसते. या बाईने ब्रशनेही तेच केलंय.

कलेच्या अभ्यासकांनीही हे लिहून ठेवलं आहे, ते मी वाचलं होतं, पण दिसलं नव्हतं. आणि त्या क्षणी मला 'शिकली नाही' हा शब्द चुकीचा वाटला. सप्टेंबरातल्या त्या रात्री मीच तो आईला सांगितला होता. सत्तर वर्षं ती शिकतच होती. गोधड्यांचे तुकडे जुळवताना, लोण्याचे साचे करताना, लोकरीत डोंगर भरताना हात तयार होत गेला. चित्रकलेच्या शाळेत गेली नाही एवढंच. म्हातारपणी अचानक प्रतिभा उमलली, असं तिच्याबद्दल नेहमी सांगतात. ऐकायला गोड आहे ते, पण त्यात तिच्या आधीच्या सगळ्या कामावर पाणी पडतं.

संग्रहालयात तिचं चित्र काढायचं टेबल आहे. मुळात घरातलं जुनं, फळी उभी करता येणारं टेबल. त्याच्या खालच्या भागावरही तिने निसर्गदृश्यं रंगवली आहेत. कॅनव्हास ती सहसा वापरत नसे. लाकडाचे तंतू दाबून केलेला मेसोनाइटचा कडक तक्ता घ्यायचा. आधी चौकट बघायची, मग तिच्या मापाने तक्ता कापायचा. त्यावर घराच्या भिंतीला लावतात त्या पांढऱ्या रंगाचे तीन हात. मग वरून खाली यायचं: आधी आकाश, मग डोंगर, टेकड्या, झाडं, घरं, गुरं आणि सगळ्यात शेवटी माणसं. माणसांसाठी मासिकांतली, वर्तमानपत्रांतली कात्रणं जमवून ठेवलेली असत. ती गिरवून हव्या त्या जागी बसवायची. एका वेळी चार-पाच तक्ते समोर घ्यायचे आणि सगळ्यांची आकाशं एकदम उरकायची, म्हणजे निळा रंग वाया जात नाही.

हे वाचून दाखवलं तेव्हा आईच्या चेहऱ्यावर ओळखीचं काही उमटलं. "पापडाचं तेच असतं. आधी सगळ्या लाट्या करून घ्यायच्या. एक लाटी, एक पापड असं करत बसलं तर दिवस मावळतो."

तिच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच मिळालं. सुईला चिमूट लागते, अंगठा आणि तर्जनी घट्ट. ब्रशचा दांडा जाड, तो सैल धरला तरी चालतो, हात टेबलावर टेकवता येतो. आणि उजवा हात फार दुखायला लागला की ती ब्रश डाव्या हातात घ्यायची. आईने आपला डावा हात उघडला, मिटला. पुढच्या चित्राकडे गेली.

आता मनोऱ्याची गोष्ट. १९५३ साली तिला बेनिंग्टनच्या लढाईचं चित्र काढायला सांगितलं गेलं. तिने काढलं, आणि मागे डोंगरावर हा मनोराही उभा केला. १७७७ च्या लढाईच्या चित्रात शंभरेक वर्षांनंतर बांधलेला मनोरा! चित्र काढून मागणाऱ्या बायकांच्या संस्थेला ते पटलं नाही, म्हणून तिने मनोऱ्याशिवाय दुसरं काढून दिलं. मला पहिलंच जास्त खरं वाटतं. तिच्यासाठी ती लढाई इतिहासाच्या पुस्तकात झालेली नव्हती. जन्मभर डोळ्यांसमोर असलेल्या डोंगरात झाली होती, आणि त्या डोंगरावर मनोरा आहे.

संध्याकाळी त्याच मनोऱ्याखालच्या हिरवळीवर बसलो. सफरचंदाच्या रसातले गरम डोनट घेतले होते, वर दालचिनीची साखर.

दिवस तिसरा, रविवार

ईगल ब्रिज म्हणजे गाव म्हणावं का, असा प्रश्न पडतो. रस्त्यांचा एक तिठा, रेल्वेचे रूळ, नदी, आणि मग शेतंच शेतं. तिच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्याला आता ग्रँडमा मोझेस रोड असंच नाव आहे. शेताला कुटुंबाने माउंट नेबो हे नाव दिलं होतं, बायबलमधल्या मोझेसने जिथून पवित्र भूमी पाहिली त्या डोंगराचं. तिचे पणतू विल मोझेस हेही चित्रकार आहेत आणि त्यांची गॅलरी याच शेतावर आहे. जुनं घर रस्त्याच्या एका बाजूला. १९५१ मध्ये तिच्यासाठी समोरच्या बाजूला नवं, एकमजली घर बांधलं. नव्वदीच्या बाईला जिने नकोत.

गाडी कडेला घेऊन आम्ही दरीकडे पाहत उभ्या राहिलो. काल ज्या टेकड्या काचेमागे होत्या त्याच इथे खऱ्या. उतरंडीसारख्या एकामागे एक, मधून नदी, कुंपणांनी आखलेली शेतं. हवा थंड होती आणि कापलेल्या मक्याचा वास येत होता.

तिच्या चित्रांत हीच दरी आहे, पण तिच्या वेळची. ओक्याबोक्या मोटाररस्त्यांआधीची. मेपलचा रस उकळून साखर करणं, गोधडी शिवायला जमलेल्या बाया, घर बदलण्याचा दिवस, वादळ येताना दोरीवरचे कपडे ओढून घेणाऱ्या मुली. चौकोनाचौकोनांचं लाल-पांढरं जुनं पथिकगृह तर तिने पुन्हा पुन्हा काढलं. ते इथून जवळच केंब्रिजच्या रस्त्यावर होतं, १९०७ मध्ये जळालं. नसलेल्या घराचं चित्र ती इतक्या वेळा कसं काढते असं लोक विचारत. तिचं म्हणणं असं की डोळे मिटले की ते दिसतं, आज या खिडकीतून, उद्या त्या.

केंब्रिजच्या जत्रेतली गोष्ट मला फार आवडते. सुरुवातीला तिने तिथे चित्रं आणि मुरंबे दोन्ही ठेवले. बक्षीस मुरंब्याला मिळालं.

तिच्यावर एक आक्षेप नेहमी घेतात, की तिने सगळं गोड गोड रंगवलं. ज्या काळात न्यूयॉर्कचे चित्रकार कॅनव्हासवर रंग ओतत होते, त्या काळात ही बर्फावर चमकी भुरभुरवत होती, कारण ऊन पडलं की बर्फ चमकतं. शुभेच्छापत्रं निघाली, पडद्यांचं कापड निघालं, ताटल्या निघाल्या, आणि समीक्षकांनी नाकं मुरडली. मी पूर्वी या आक्षेपाला थोडी मान डोलवत असे. व्हर्जिनियातलं चित्र आठवा, सफरचंदाचा गर आटवून करायचं 'अ‍ॅपल बटर' घरासमोर मोठ्या कढईत शिजतंय, सगळे कामात. त्याच मातीत तिची पाच मुलं पुरलेली आहेत. ती तिला दिसत नव्हती असं कोण म्हणेल? तिने काय काढायचं ते निवडलं. दुःख ठाऊक नसलेल्या माणसाची ही चित्रं नाहीत. शिवाय नीट बघितलं तर त्यांत कुणी रिकामं बसलेलं नसतं. प्रत्येक ठिपक्याएवढं माणूस काहीतरी उचलतंय, ओढतंय, ढवळतंय.

दुपारी हूसिक फॉल्सच्या मेपल ग्रोव्ह दफनभूमीत गेलो. दगड साधा आहे. नाहीशा होत चाललेल्या खेड्याचं दृश्य तिने जपलं, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. १३ डिसेंबर १९६१ ला ती गेली, वय १०१. लिंकन राष्ट्राध्यक्ष होण्याआधी जन्मली आणि केनेडी यांच्या काळात गेली. दीड हजाराच्या वर चित्रं, त्यांतली पंचवीसेक शंभरी ओलांडल्यावरची. शेवटचं पूर्ण केलेलं चित्र इंद्रधनुष्याचं, त्याच वर्षीच्या जूनमधलं. अखेरचे काही महिने तिला शुश्रूषागृहात ठेवलं होतं आणि तिथे रंगवू देत नव्हते. तिने डॉक्टरांचा स्टेथोस्कोप लपवून ठेवला आणि सांगितलं, मला ईगल ब्रिजला पोचवा, मग देते.

आईने दगडावर पडलेली मेपलची पानं झाडली. दोन तशीच राहू दिली.

दिवस चौथा, सोमवार

परतताना वाट वाकडी करून मॅनहॅटनमध्ये शिरलो. ५७व्या रस्त्यावर ऑटो कॅलिर यांची गॅलरी होती. व्हिएन्नातून नाझींमुळे परागंदा झालेले हे गृहस्थ, क्लिम्ट आणि शीले या नामवंत ऑस्ट्रियन चित्रकारांची चित्रं हाताळलेले. कॅल्डॉर अखेर त्यांच्या दारी पोचला आणि ऑक्टोबर १९४० मध्ये तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन इथे लागलं. नाव होतं 'एका शेतकरणीने काय रंगवलं'. उद्घाटनाला ती आली नाही. चित्रं तिने पाहिलेलीच होती.

महिन्याभराने मात्र ती आली. हेरल्ड स्क्वेअरच्या गिंबेल्स या मोठ्या दुकानाने थँक्सगिव्हिंगच्या निमित्ताने तीच चित्रं मांडली आणि तिला बोलावलं. काळी टोपी, लेसची कॉलर, बरोबर घरचा पाव आणि मुरंब्याच्या बरण्या. जमलेल्या लोकांना चित्रांबद्दल ऐकायचं होतं, ती बोलली मुरंब्यांबद्दल, कसे करायचे, कसे टिकवायचे. गिंबेल्स आता नाही. आम्ही त्या चौकात रहदारीच्या मधोमध दोन मिनिटं उभ्या राहिलो.

"बरण्या परत नेल्या असतील ना तिने?" आईने विचारलं. "रिकाम्या बरण्या कुणी टाकून देत नाही."

घरी पोचायला साडेपाच झाले. गावात शिरताना हस्तकलेच्या सामानाचं दुकान उघडं दिसलं, तिथे आईने गाडी थांबवायला सांगितली. मला वाटलं रंग बघायचे असतील. ती रंगांच्या रांगेवरून सरळ पुढे गेली आणि लोकरीपाशी थांबली. संग्रहालयाच्या दुकानातल्या एका पुस्तकात तिने मोझेस यांचं रंगांच्या आधीचं, लोकरीचं चित्र पाहिलं होतं, ते मला ठाऊकच नव्हतं. जाड, बोथट टोकाच्या, मोठ्या नेढ्याच्या सुयांचं पाकीट तिने उचललं, विक्रेतीला खुणेने विचारून उघडलं आणि एक सुई काढली. उजव्या हातात धरून पाहिली. मग डाव्या.

"हिरव्याच्या तीन छटा घे," म्हणाली, "आणि एक गुलाबी."